झिराडकर मास्तरांचे रोमन

झिराडकर मास्तर रोमन लोकांबद्दल असं बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे लोक समोरच्याच चाळीत भाड्याने राहतात आणि यांचं त्यांचं पाण्यावरून वाजलंय. “हे रोमन ना बाई, रस्ते झकास करतात. पण त्यावरून आपल्याला सुखाने चालू देतील तर शपथ!” शिक्षकांच्या खोलीत बशीतला चहा फुंकता फुंकता हे वाक्य. आम्ही बाकीचे त्या दिवसांत मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही यावर तावातावाने भांडत असायचो, आणि मास्तर मधेच म्हणायचे, “रोमनांनीही अगदी असंच केलं होतं.” झालं! वाद तिथेच बसायचा, कारण रोमनांनी नेमकं काय केलं होतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नसायचं.

मी परळच्या त्या शाळेत नुकतीच लागले होते. वय तेवीस, राहायला ठाकूरद्वारला, ट्रामने ये-जा. आडनाव त्रिलोकेकर. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, “तुमचं आडनाव पुरं होईपर्यंत मधली सुट्टी संपेल. मी त्रिलोकबाई म्हणतो. चालेल?” चालेल काय, त्यांनी विचारलं ते परवानगीसाठी नव्हतंच. मास्तर पन्नाशीचे. बुटके, जाड भिंगांचा चष्मा, पांढरी पँट आणि वर बंद गळ्याचा कोट, तोही मे महिन्यातसुद्धा. कोटाच्या डाव्या खिशात कुरमुरे, उजव्या खिशात खडू, आणि शिकवण्याच्या भरात दोन्हींची अदलाबदल. खडू तोंडात टाकून थू थू करताना मी त्यांना तीनदा तरी पाहिलंय.

आणखी एक खोड होती. वर्गात शिरताना दाराच्या चौकटीला उजव्या हाताची बोटं लावायची आणि तीच बोटं ओठांना. मला भारी कुतूहल. मी मेली तोंडाळ, सरळ विचारलं. ते हसले. “घरी चौकटीला एक लहानशी डबी ठोकलेली असते आमच्यात. आत देवाची वचनं. इथे डबी नाही, पण बोटांना कोण सांगणार?”

तेव्हा मला कळलं की मास्तर बेने इस्रायल. म्हणजे ज्यू, पण अस्सल कोकणातले. अलिबागकडच्या झिराडचे म्हणून झिराडकर. शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं तारू तिकडच्या किनाऱ्यावर फुटलं, जे वाचले ते तिथेच राहिले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. मास्तरांच्या घरी मराठीशिवाय दुसरी भाषा नव्हती. शिव्यासुद्धा कोकणी. फक्त देवाशी हिब्रू.

एकदा मी मोठ्या हौसेने डब्यातून कोलंबी-कोबीचं, निखाऱ्यावर भाजलेलं भानोळं नेलं. आम्हां प्रभूंच्या घरचं भानोळं म्हणजे काय चीज असते ते मी सांगायला नको. मास्तरांनी वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा वास घेतला आणि डबा माझ्याकडे सरकवला. “खवले नसलेलं आम्हांला चालत नाही. पण त्रिलोकबाई, झाकण जरा उघडंच असू दे.” माझं जेवण होईपर्यंत ते समोर बसून चौकशी करत राहिले, वाटणात काय, कोबी का घातला, खालून विस्तव किती. घरी जाऊन त्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं म्हणे, आणि तिने कोलंबीच्या जागी दुसरा मासा घालून करून बघितलं. बिघडलं. तेही मला येऊन सांगितलं.

शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी मावळेपर्यंत मास्तर काही काम करत नसत. लिहायचं नाही, चूल पेटवायची नाही, ट्राममध्ये बसायचं नाही, घराबाहेर ओझं म्हणून साधी पिशवीसुद्धा हातात घ्यायची नाही. आमची शाळा शनिवारी सकाळची असे. हेडमास्तरांशी त्यांनी तोड काढली होती. शनिवारी मास्तर येणार नाहीत आणि त्याबदल्यात रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये मुलांना गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवणार. कुठल्याही कामाला कुणी घाई केली की त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं, “घाई रोमनांना. आपल्याला काय!”

आता मूळ गोष्टीवर येते. मुंबई कुणाची यावरून मुंबईतच गोळ्या सुटत होत्या ते दिवस. दहावीतल्या दिगू राऊळचा थोरला भाऊ जयराम नाक्यावरच्या गोळीबारात गेला. जयराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, पाळी संपवून घरी येत होता म्हणतात. मोर्चात होता असंही म्हणतात. काय फरक पडतो? बाप आधीच वारलेला, त्यामुळे दिगूलाच सगळं करावं लागलं. तेरा दिवसांनी तो डोक्याचा गोटा करून वर्गात येऊन बसला. हा पोरगा आधी बाकावर चूप बसेल तर खोटं. आता तो बोलायचाच बंद झाला. इतिहासाच्या तासाला नाही, गणिताच्या नाही. मास्तर त्याच्याकडे बघत राहायचे.

पुढच्या सोमवारी मास्तरांनी शंभर पानी वही विकत आणली आणि शाळा सुटल्यावर वाचनालयाच्या खोलीत लिहायला बसले. चार दिवस मी दम धरला. पाचव्या दिवशी विचारलंच.

“काय लिहिताय मास्तर?”

“पोरांसाठी कादंबरी. रोमनांच्या अमलाखालची. एक पोरगा आहे, एलाद. तेल्याचा. ऑलिव्हचा घाणा आहे त्यांचा. रोमन शिपाई त्याच्या भावाला मारतो आणि हा सूड घ्यायला निघतो.”

मी म्हटलं, “दिगूसाठी?”

“छे छे,” मास्तर म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले. थोड्या वेळाने आपणहून बोलले, “बाई, आमचे पूर्वज तारवात बसून निघाले, ते सुटले. जे तिकडेच राहिले त्यांनी दिवस कसे काढले असतील, हे मला लहानपणापासून विचारायचंय. कुणाला विचारू? म्हणून लिहितो. आणि इथलं लिहिलं तर तो पोरगा उठून जाईल. दूरचं असेल तर बसेल तरी.”

त्यांचं अक्षर म्हणजे मुंगीचा पाय शाईत बुडवून सोडलेला. स्वतःचंच त्यांना वाचता येत नसे. म्हणून ठरलं असं की आठवडाभर मास्तर लिहिणार, शुक्रवारी मावळायच्या आत वही माझ्याकडे देणार, शनिवारी मी सुवाच्य उतरवून काढणार आणि रविवारी ते वाचणार. पगार वाढणार नव्हता, पण सगळ्यांच्या आधी गोष्ट कळणार होती ना! मी एका पायावर तयार झाले.

पहिल्या रविवारी वीस पोरं होती. चौथ्या रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, खिडक्यांच्या गजांनासुद्धा पोरं लोंबत होती. गिरणीतून रात्रपाळी करून आलेले दोनचार बापेही मागे भिंतीला टेकून ऐकायचे, अर्धे झोपेत. रोमन शिपायाचं नाव मार्कस होतं, पोरांनी दुसऱ्याच दिवशी त्याचा मारक्या केला. आणि प्रश्न तर विचारू नका! मारक्याच्या शिरस्त्राणावर पिसं कशाला? कोंबड्याची का? त्याला घरी जायला रजा मिळते का? एलादच्या घाण्याला बैल की गाढव? मास्तर प्रत्येक प्रश्न वहीत टिपून घेत आणि खरोखर उत्तर शोधत. पिसांसाठी ते दोन संध्याकाळी फोर्टातल्या ग्रंथालयात जाऊन बसले. दिगू शेवटच्या बाकावर असायचा. एक प्रश्न नाही विचारायचा, पण एक रविवार चुकवायचा नाही.

विटांचा प्रकार घडला तो याच उत्तरांपायी. रोमन शिपाई पाठीवर साठसत्तर पौंड ओझं घेऊन दिवसभर चालतो असं कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात होतं. एक पोरगं म्हणालं, “खोटं, एवढं कोण चालेल?” मास्तरांनी मनावर घेतलं. एका संध्याकाळी गोणत्यात तेवढ्या वजनाच्या विटा भरल्या, गोणतं पाठीला बांधलं आणि परळहून दादरच्या दिशेने चालू लागले. आणि दिवस कुठले? दगडफेकीचे! हिंदमाताजवळ पोलिसाने अडवलं. निळी वर्दी, पिवळी टोपी.

“मास्तरानू, काय आसा ह्यात?”

“विटा.”

“विटा? कोणावर मारूक?”

“मारायला नाही हो. चालायला.”

हा संवाद मास्तरांनी मला दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा करून दाखवला. पोलीस होता परब. दिगूच्याच चाळीतला, त्याच मजल्यावर दोन खोल्या सोडून राहणारा, गावही राऊळांच्या शेजारचंच. त्याने गोणतं उघडून पाहिलं, रोमन शिपायाची हकीकत नीट ऐकून घेतली आणि म्हणाला, “माझो बाप्या तुमच्या गोष्टीक येता मा?” बाप्या म्हणजे त्याचा पोरगा. मग अर्ध्या विटा स्वतः उचलून त्याने मास्तरांना शाळेपर्यंत सोडलं.

सांगताना मास्तर हसत होते. मीही हसत होते. तेवढ्यात दारात दिगू उभा. दोन महिन्यांत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता.

“मास्तर, तुम्ही त्या परबाबरोबर चाललात?”

“हो. का रे?”

“त्या दिवशी नाक्यावर तो होता. बंदूक होती त्याच्याकडे. सगळ्या चाळीला माहीताय.” दिगूचा आवाज अजिबात चढला नाही. “मी त्याला सोडणार नाय.”

एवढं बोलून गेला. मास्तरांचं हसू जिथल्या तिथे राहिलं. गोळी कुणाची लागली हे कुणालाही माहीत नव्हतं, माहीत होणारही नव्हतं. पण सोळा वर्षांच्या पोराला एक तोंड हवं होतं, आणि ते रोज गॅलरीत समोर दात घासायला येत होतं.

मास्तरांनी त्याला बोलावलं, समजावलं. काही उपयोग झाला नाही. मग मला म्हणाले, “मी गोष्टीतूनच त्याला बाहेर काढतो. एलाद सूडापर्यंत पोचेल आणि परत फिरेल.” मला पटलं. पण गोष्ट लांबत गेली आणि पोरं काही परतीची वाट बघत थांबली नाहीत. चाळीचाळींतून रोमन रोमन खेळ सुरू झाला. रोमन कोण होणार? पिवळी टोपी ज्याच्या घरात, तो! परबाचा बाप्या, आठ वर्षांचं पोर. रोज त्याला मारक्या करायचे, रोज त्याला मारायचे. पुढे पुढे खेळ नसतानाही “ए मारक्या” म्हणूनच हाक. नळावर परबाच्या बायकोची कळशी सगळ्यांत शेवटी. एका दुपारी मी दिगूच्या घरी पुस्तकं द्यायला गेले होते तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. त्या बाईला नळावरच्या दोघी ऐकू जाईल असं म्हणत होत्या, “रोमनीण आली बघ.” रोमनीण! त्या बायांनी कादंबरीचं एक अक्षर ऐकलं नव्हतं.

मी येऊन मास्तरांना सांगितलं. मला वाटलं होतं, चिडतील. ते खुर्चीत बसले ते बसलेच. “मी आणला हो तो परळात,” म्हणाले. “दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, बरा तिकडे होता.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मीही तिथून उठले, मला ते बघवेना.

त्यानंतरचा शुक्रवार. एलादला मार्कस कुठे झोपतो ते कळलंय, तो कट्यार घेऊन आत शिरलाय, इथवर प्रकरण आलं होतं. याच प्रकरणात त्याला परत फिरवायचं होतं. मास्तर दुपारपासून लिहीत होते आणि खोडत होते. लिहीत होते आणि खोडत होते. मी वहीसाठी ताटकळत बसलेली. खिडकीबाहेर गिरणीच्या चिमणीमागे उन्हं गेली तसं त्यांनी बाहेर पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. वाक्य अर्धं. “एलादने कट्यार उचलली आणि”. बस. पुढे कोरं.

“अहो, वाक्य तरी पुरं करा!”

“दिवस मावळला, बाई.”

“दोन शब्द फक्त!”

“दोन शब्द असते तर दुपारीच लिहिले असते,” असं म्हणून त्यांनी कोटाची बटणं लावली आणि घरी गेले.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत उतरवून काढत बसले होते. दिगू आला. कधी नव्हे ते आपणहून टेबलाजवळ आला. “काय झालं पुढे, बाई?” मला इतका आनंद झाला की पोरगा बोलतोय! मी मास्तरांची वही त्याच्यापुढे धरून शेवटचं अर्धं वाक्य वाचून दाखवलं. त्याने पान उलटून मागची कोरी बाजू पाहिली. “पुढे?”

आता माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. मी हसत म्हटलं, “पुढे काय! मारणार. बारा प्रकरणं काय कट्यारीला धार लावायला चाललीत?”

दिगूने मान हलवली. “बरोबर,” म्हणाला आणि गेला.

मी आणखी दोन ओळी लिहिल्या आणि माझा हात थांबला. त्याचा एक हात सबंध वेळ सदऱ्याखाली होता. आणि तो “बरोबर” म्हणाला होता तो मला नव्हे, स्वतःला. माझी तर पाचावर धारण बसली. चाळीत जाऊन मी एकटी काय करणार? धावत सुटले ती मास्तरांच्या घरी, लालबागला. मास्तर सतरंजीवर प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसले होते. मी धापा टाकत सांगितलं, काय बोलून बसले तेसुद्धा सांगितलं. त्यांनी मला एक शब्दाने दोष दिला नाही. चपला घातल्या आणि निघाले. ट्राम समोर उभी होती, तिच्याकडे पाहिलंही नाही. पळत सुटले! पन्नाशीचा बुटका माणूस, बंद गळ्याचा कोट उघडा टाकून, लालबागच्या भर रस्त्यातून. लोक थांबून बघत होते.

दिगू गॅलरीत जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला होता. परब ड्यूटीवरून यायचा होता. मास्तर धापा टाकतच दिगूच्या शेजारी जाऊन बसले.

“मास्तर, आज शनिवार,” दिगू म्हणाला. “आज तुम्हाला लिहिता येत नाय. मग मला पण अडवू नका.”

“लिहिता येत नाही, आणि खरं सांगू का दिगू, पुढे काय हे मला माहीतही नाही. मी ठरवलं होतं की तो परत फिरेल. काल चारदा लिहिलं. चारही वेळा खोटं वाटलं, खोडलं.”

दिगूने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर लोक असं कधी बोलत नाहीत.

“तुला काय वाटतं, का फिरेल तो?” मास्तरांनी विचारलं. मला त्यांचा असा राग आला! पोराच्या सदऱ्याखाली सुरी आहे आणि हे त्याला प्रश्न घालतायत. पण ते अगदी मनापासून विचारत होते, पिसांची चौकशी केली होती तशीच.

“नाय फिरणार,” दिगू म्हणाला.

तेवढ्यात परबाच्या खोलीचं दार उघडलं आणि बाप्या बाहेर आला. हातात लाकडी पट्टी. दिगूला बघून त्याचा चेहरा फुलला. “दिगूदादा, खेळतोस? पण आज मी एलाद हां. मला रोज रोज मारक्याच करतात. आज तू मारक्या हो, मी मारतो तुला.” आणि उत्तराची वाट न बघता त्याने पट्टी दिगूच्या छातीला लावली. “मेलास! आता पड ना!”

दिगू पडला नाही. हललाही नाही. त्याचा सदऱ्याखालचा हात बाहेर आला आणि त्यात जयरामची, साच्यावर सूत कापायची सुरी होती. बाप्याला ती खेळातलीच वाटली.

त्याच वेळी जिन्यावर बुटांचा आवाज झाला. परब. टोपी काखेत. त्याने आधी बाप्याला पाहिलं, मग सुरी पाहिली. मी भिंतीला चिकटून उभी. तो दोन पायऱ्या खाली तसाच थांबला.

“बाप्या, आत जा,” म्हणाला. पोर गेलं. मग दिगूकडे बघून तो हळू आवाजात बोलला, “माझी गोळी काय दुसऱ्याची, माका ठावक नाय रे दिगू. ठावक आसता तर सांगलं आसतं. ठावक नाय म्हणान तर झोप नाय.”

खाली नळावर कळशी भरत होती तिचा आवाज येत होता. मग दिगूने सुरीची मूठ मास्तरांपुढे केली. घ्या म्हणून.

मास्तरांनी हात पुढे केला नाही. “आज शनिवार आहे. मी बाहेर काही उचलून नेत नाही. तुझी तूच घे आणि माझ्याबरोबर चल.”

आता बोला! मी पुढे होऊन ती हिसकावून घेणार होते, मास्तरांनी मला नजरेने थांबवलं. दिगू उठला. परब बाजूला झाला आणि पोरगा उघडी सुरी हातात घेऊन त्याच्या अंगावरून, चार बोटांच्या अंतराने, जिना उतरला. मास्तरांच्या घरापर्यंत त्याने ती स्वतः वाहून नेली, पोहोचल्यावर स्वतःच फळीवर ठेवली आणि मग भिंतीकडे तोंड करून जो रडायला लागला! तीन महिन्यांचं रडणं होतं ते. मास्तरांच्या बायकोने कालचा थंड भात त्याच्यापुढे ठेवला.

मास्तरांनी ती सुरी का घेतली नाही, तो त्यांचा नियम होता की त्यांची हुशारी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “नियम तो नियम, बाई.” आणि चष्मा काढून पुसत बसले.

रविवारी हॉल खच्चून भरला. मास्तरांनी त्या अर्ध्या वाक्यापर्यंत वाचलं आणि वही मिटली. “पुढचं मला येत नाही. आलं की वाचीन.” पोरांनी छत डोक्यावर घेतलं. “मारून टाका ना मास्तर!” मास्तर मान हलवत राहिले. पुढच्या रविवारपासून दुसरीच कुठली तरी पुस्तकं सुरू झाली, पोरं कमी झाली, रोमन खेळही मागे पडला. बाप्याला मात्र कितीतरी दिवस मारक्याच म्हणत. दिगू मॅट्रिक झाला आणि जयरामच्या खात्यात साच्यावर लागला. परबाला त्याने मारलं नाही आणि माफही केलं नाही. एकाच गॅलरीत वर्षानुवर्षं एकमेकांना वाट देत राहिले, न बोलता.

मग संयुक्त महाराष्ट्र झाला. चाळीचाळींतून दिवे लागले, पेढे वाटले. पुढच्या महिन्यात मास्तरांनी मला सांगितलं की ते चालले. मुलगी आधीच इस्रायलला जाऊन राहिली होती, आता हे दोघेही बोटीने निघणार. मी रडले, ते कुरमुरे खात बसले. मग म्हणाले, “त्रिलोकबाई, ती वही मला नेववत नाही आणि टाकवत नाही. रविवारी जरा माझ्याबरोबर राऊळांकडे याल?”

दिगू बाहेर गेला होता. घरात त्याची आई एकटी, सुपात तांदूळ घेऊन बसलेली. तिने आम्हांला पाट दिले. मास्तर पाटावर न बसता खालीच बसले, वही उघडली आणि तिला सगळी गोष्ट सांगितली. एलाद, घाणा, भावाला मारणारा शिपाई, कट्यार. शेवटचं अर्धं वाक्य वाचून दाखवलं. “चार वर्षं हे इथेच आहे. मला पुढचं येत नाही. तुम्ही सांगाल ते लिहितो.”

ती तांदळात बोट फिरवत विचार करत राहिली. “त्या शनिवारी मी दारामागेच होतंय,” म्हणाली. “सगळा आयकलंय.” मग तिने विचारलं, “त्या एलादाची आवस खंय आसा?”

आवस म्हणजे आई. मास्तर म्हणाले, “अं?”

“तिचो एक झील मेलो. दुसरो कट्यार घेवन भायर पडलो. तेव्हा ती खंय होती?”

मास्तरांनी वही पहिल्या पानापासून चाळायला घेतली. पिसं होती. रस्ते होते. शिपायाचं ओझं पौंडांसकट होतं, घाण्याच्या बैलाचं नावसुद्धा होतं. बारा प्रकरणं मी माझ्या हाताने उतरवली होती आणि माझ्याही डोक्यात कधी आलं नाही. आताही बघा, एवढं सगळं तुम्हांला सांगितलं आणि त्यात मी तरी दिगूच्या आईला कुठे आणलं? मास्तर शेवटच्या पानापर्यंत आले. वर बघेनात.

“नाही हो,” ते म्हणाले. “मी तिला लिहिलीच नाही.”

तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि त्यांच्यासमोर भिंतीला टेकून बसली.

“मग आता लिवा,” ती म्हणाली. “मी हय बसतंय.”